देवाला चटका बसतो का?

वारणेच्या काठाला तांबुळवाडी नावाचं एक गाव आहे. गाव लहान, पण शिवारात ऊस उदंड. गावाच्या मावळतीला माळावर ख्रिस्ती मंडळींची वीस-बावीस घरं आणि त्या घरांच्या मधोमध एक कौलारू प्रार्थनामंदिर. एका वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि त्याच आठवड्यात हनोखमहाराज ह्या मंदिराच्या पडवीत येऊन उतरले.

महाराजांचं सामान ते काय! एक घोंगडी, एक वीणा आणि फडक्यात बांधलेलं शुभवर्तमान. गावोगाव पायी जायचं, मिळेल ती भाकरी खायची आणि प्रभू येशूचं कीर्तन करायचं. कुणी पाया पडायला वाकलं की महाराज त्याला मध्येच धरून उभं करत आणि म्हणत, "अरे, ह्या पायांना धूळ लागली आहे, दुसरं काही नाही." पण दुखणाईत माणसांनी, सासरी गांजलेल्या लेकींनी त्यांच्याजवळ येऊन बसावं आणि उठताना हलकं होऊन उठावं, असं सगळीकडे घडे. म्हणून तर लोक त्यांना महाराज म्हणत.

ह्याच माळावर रिबका राहत होती. वय असेल बावीस-तेवीस. तिचा नवरा शिमोन गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचा. धुराने त्याची छाती धरली, तो अंथरुणाला खिळला आणि दिवाळीनंतर त्याच्या जागी रिबका उभी राहिली. आजवर त्या पंचक्रोशीत बाईमाणसाने चुलवाण जाळलं नव्हतं. पण घरात दुसरं कोण होतं? एक खोकणारा नवरा आणि सहा महिन्यांची तान्ही शलोमी.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एवढंच डोळ्यांपुढे आणावं. जमिनीत खोल चुलवाण, त्याच्यावर अंगणाएवढी लोखंडी काहील आणि काहिलीत उकळणारा उसाचा रस. वरच्या अंगाला गुळव्याचं राज्य. खालच्या अंगाला एक खड्डा. त्या खड्ड्यात उतरायचं, वाकायचं आणि चुलवाणाच्या तोंडात रस काढून वाळवलेली उसाची चिपाडं सारत राहायचं. वरच्याने हुकूम सोडायचा, खालच्याने जाळ वाढवायचा नाहीतर ओढायचा. एकमेकांची तोंडंसुद्धा दोघांना दिसत नाहीत.

रिबका करंजाच्या फांदीला झोळी बांधून त्यात शलोमीला निजवी. मनासारखा जाळ लागला की धावत वर येई. अंग तापलेलं असे, म्हणून आधी रांजणातल्या पाण्याने पदर भिजवून गळा पुशी, थोडी निवे आणि मग लेकीला छातीशी घेई. निम्मं दूध पिऊन होतंय तोवर वरून हाक येई, की पुन्हा खाली. चिपाडाची पहिली कवळ चुलवाणात टाकताना ती रोज म्हणे, "येशू देवा, जाळ सांभाळ."

गुऱ्हाळाचे गुळवे होते यिर्मयाआप्पा. तेही माळावरचेच, ख्रिस्ती मंडळीतले जुने पंच. काहिलीतला पाक गूळ झाला की नाही, हे सांगणारा तो गुळव्या. त्याची रीत अशी: बोटं आधी गार पाण्यात बुडवायची, मग उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, पुन्हा पाण्यात धरायचा आणि त्याची गोळी वळायची. गोळी कशी वळते, त्यावर सारा निवाडा. काहील क्षणभर आधी उतरवली तर गूळ पाघळतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. तीस वर्षं हा निवाडा आप्पांच्या तीन बोटांनी केला होता. आप्पा म्हणाले 'झाला', की झाला!

ह्या बोटांचा आप्पांना मोठा ताठा. जे बोटाला कळतं ते खरं, बाकी सगळ्या बाता, असं ते म्हणत. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायको मार्था तापाने गेली. चार दिवस आप्पा मंदिरात गुडघ्यांवर होते, आणि पाचव्या दिवशी तिला मातीत ठेवून आले. तेव्हापासून ते मंदिरात येत, पहिल्या रांगेत बसत, पण त्यांच्या जिभेला धार आली होती.

रिबकाचं बोलणं वर ऐकू गेलं की आप्पा काहिलीवरून ओरडत, "येशू देवा? अगं, सुताराच्या पोराला देव काय म्हणतीस? भला मानूस हुता म्हण, गुरू हुता म्हण. मी बी म्हणतो. पर देव?"

"मला येतंय तेवढं म्हणते, आप्पा."

"तुला येतंय तेवढ्यावर गूळ व्हत न्हाई! जाळ वाढीव!"

पाक ढवळणारे गडी खो-खो हसत. एखादा म्हणे, "आप्पा, तिचा देव चिपाडं वाळवून देतोय म्हनं!" आणि दुसरा त्याला जोडून देई, "मग ह्या खेपंला तेवढं वल्लं आलंय, सांग त्याला!"

रिबका आणखी खाली वाके आणि चिपाडं सारत राही.

तर महाराज गावात आले त्याच आठवड्यात एक विपरीत घडलं. मंगळवारचं आदण पाघळलं. आदण म्हणजे एका काहिलीचा गूळ. ढेप धरेचना. गुरुवारचं करपलं, काळं पडलं. शनिवारचं पुन्हा पाघळलं. गुऱ्हाळाचे मालक दत्ताजीराव हा शांत माणूस. पण तेही कपाळाला हात लावून म्हणाले, "आप्पा, तीस वरसांत असं झालं न्हाई. काय झालं काय?"

आप्पांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. "जाळ! बायकी जाळ. एकदा भडकतोय, एकदा बसतोय. मी वरनं काय करू?"

रिबका खाली उभी होती. जाळ भडकला नव्हता, बसलाही नव्हता. हे तिला ठाऊक होतं, पण साक्ष कोण देणार? धूर?

दत्ताजीराव खड्ड्याच्या काठाशी येऊन म्हणाले, "रिबका, वाईट वाटून घेऊ नगंस. सोमवारचं आदण बगतो. ते बी गेलं, तर मला जाळाला दुसरा गडी बगाय लागंल."

त्या दुपारी ती लेकीला पाजायला करंजाखाली गेली. चिपाडाच्या गंजीपलीकडे आप्पा एकटेच बसले होते. बिडी पेटवायला त्यांनी चुलवाणातला एक निखारा चिमटीत उचलून आणला होता. आपल्याकडे जाणती माणसं असा निखारा या बोटावरून त्या बोटावर नाचवतात, क्षणभरही एके ठिकाणी ठेवत नाहीत. आप्पांनी तो तसाच धरून ठेवला. बिडी पेटली, दोन झुरके झाले, नजर उसाच्या फडाकडे, आणि निखारा बोटांतच. कातडीचा जळका वास रिबकाला आला, तरी आप्पांना पत्ता नाही. मग त्यांची नजर खाली गेली. त्यांनी निखारा टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि एक-एक बोट दातांत धरून चावून बघितलं. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. जणू ती दुसऱ्या कुणाची बोटं होती.

रिबकाने शलोमीला घट्ट धरलं. गोळी चुकतेय ती जाळामुळे नव्हे! आप्पांच्या बोटांना गोळी लागतच नाही! आणि लागत नाही म्हणजे काय, हे त्या काळच्या गावात लहान पोरालाही कळत होतं. बोटं बधिर झाली की लोक एकाच रोगाचं नाव घेत, आणि ते नाव घेतलं की त्या माणसाला वेशीबाहेर खोपट बांधून देत. त्याच्या हातचा गूळ कोण खाणार? त्याच्या शेजारी मंदिरात कोण बसणार?

बिचारे आप्पा! किती दिवस हे एकट्याने चावत बसले असतील?

रविवारी दुपारी मंदिरात कीर्तन झालं. माळावरची झाडून सगळी मंडळी आली, गावातलेही पुष्कळ आले. महाराजांनी वीणा लावली आणि थोमा शिष्याची कथा घेतली. प्रभू मरणातून उठले. बाकीचे शिष्य म्हणाले, आम्ही त्यांना पाहिलं. थोमा म्हणाला, त्यांच्या हातांच्या जखमांत माझं बोट घालीन तेव्हाच मानीन.

एवढं होतंय तोच पहिल्या रांगेतून आप्पा उभे राहिले.

"म्हाराज, एक इचारू? रागावनार न्हाईसा न्हवं?"

"विचारा की आप्पा. रागावायला वीणा खाली ठेवावी लागेल."

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. "देवाला चटका बसतोय का? बसत आसंल, तर त्यो तुमच्या-आमच्यावानी मानूस. बसत नसंल, तर खिळं ठोकलं ते समदं सोंग. जखमा बी हाईत आन् देव बी हाय, ही दोन्ही एका काहिलीत शिजत न्हाईत, म्हाराज."

मंदिराच्या पाळकसाहेबांनी घाबरून घसा खाकरला. बायकांत कुजबुज झाली. महाराजांनी मात्र आप्पांकडे असं पाहिलं, जसं आपण खूप दिवसांनी भेटलेल्या भावाकडे पाहतो.

"आप्पा," महाराज म्हणाले, "प्रभू एकदा भर देवळात लोकांना म्हणाले, माझा बाप आणि मी, आम्ही एक आहोत. ऐकताक्षणी लोकांनी काय केलं?"

"धोंडं उचललं."

"का उचलले? ऐकू आलं नाही म्हणून? ऐकू आलं म्हणूनच! माणूस असून हा स्वतःला देव म्हणवतो, हे त्यांना लख्ख कळलं. आपण म्हणतो, ते भले गुरू होते. पण भला गुरू असलं बोलत नाही, आप्पा. मी बोललो, तर तुम्ही मला पारावर बसवाल का? वैद्याकडे न्याल! ते बोलले, आणि धोंडे बघूनही त्यांनी शब्द मागे घेतला नाही."

"मग?"

"मग विश्वास नसलेली माणसं दोन. एकाने धोंडा उचलला, एकाने बोट पुढे केलं. विश्वास दोघांचाही नव्हता. पण धोंडा लांबून मारता येतो. बोट लावायचं तर जवळ यावं लागतं." महाराजांचा आवाज एकदम मऊ झाला. "थोमाला प्रभूंनी बाहेर घालवलं नाही. त्या एकट्यासाठी ते बंद दारातून पुन्हा आले आणि म्हणाले, ये, लाव बोट. उठल्यावर जखमा मिटवून टाकणं त्यांना अवघड होतं का? पण त्यांनी त्या ठेवल्या. आणि ज्याला सगळ्यांत उशिरा पटलं, त्या थोमानेच त्या जखमांकडे बघून त्यांना आपला देव म्हटलं. चटका बसणारा देव कसा, हे तुम्ही मला विचारता. ज्याला आपला चटका कधी बसलाच नाही, त्याला मी देव कसं म्हणू?"

आप्पा हसून म्हणाले, "बोलनं ग्वाड हाय. पर माझी मार्था तापानं फनफनत हुती, तवा ह्यो देव कुठं चटकं खात बसला हुता, ते काय कळलं न्हाई." आणि ते बाहेर गेले. जाताना त्यांनी उजवा हात उपरण्याखाली घेतला होता. ते दोघांनीच पाहिलं, रिबकाने आणि महाराजांनी.

मंडळी पांगल्यावर रिबका पडवीत आली. शलोमी तिच्या खांद्यावर निजली होती.

"म्हाराज, मला एक गोष्ट ठावं हाय. ती सांगितली, तर माझं काम राहतंय. पर एका मानसाचं समदं जातंय. न्हाई सांगितली, तर उद्या मला घरी बसवत्यात. ह्यांच्या औशिदाचं काय? हिचं काय?"

महाराजांनी कोणाचं, काय, हे विचारलं नाही. म्हणाले, "तू काय ठरवलंस, पोरी?"

"ठरतच न्हाई. रागानं पेटतो जीव. त्यांनी माझ्यावर ढकललं. मग ते एकटं बसल्यालं आठवतंय आन् रडू येतंय."

"मग तू सांग असंही मी म्हणत नाही आणि सांगू नको असंही म्हणत नाही," महाराज म्हणाले. "राग आणि रडू, दोन्ही घेऊन प्रभूपुढे बस. त्याला दोन्ही ओळखीचं आहे. उद्या मी रस प्यायला गुऱ्हाळावर येतो." एवढं बोलून त्यांनी झोपलेल्या शलोमीच्या टाळूवर हलकेच हात ठेवला.

सोमवार उजाडला. रिबकाने लेकीला झोळीत टाकलं, खड्ड्यात उतरली, पहिली कवळ उचलली. आज तिच्या तोंडून एवढंच निघालं, "येशू देवा, आप्पांना सांभाळ."

उन्हं वर चढली. रस उकळला, वर आलेली मळी निघाली, पाक दाटत आला. महाराज येऊन करंजाखाली बसले होते, दत्ताजीराव काहिलीशी उभे होते. तीन महिन्यांत एक गोष्ट रिबकाला आपोआप कळू लागली होती. गूळ जवळ आला की काहिलीतला आवाज बदलतो. आधी रस खळखळतो, मग पाक जड होऊन 'डब... डब...' करतो. खड्ड्यातून तो आवाज तिला नीट ऐकू येई. आज तो आला, आणि वरून 'जाळ ओढ' अशी हाक काही येईना.

तिने वाट पाहिली. डब... डब... हाक नाही. एक-दोन क्षण आणखी गेले, तर आदण करपणार. थोडा वेळ मिळावा म्हणून ती जाळ पुढे ओढून, दगडांच्या पायऱ्या चढून धावत वर आली.

वर आप्पा काहिलीच्या काठाशी वाकून उभे होते. उजव्या हातात गोळी होती. ते ती चोळत होते, पुन्हा चोळत होते आणि त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डावा हात त्यांनी काहिलीच्या काठावर टेकला होता. धगीने तापलेल्या लोखंडावर! तळव्याखालून धूर निघत होता आणि आप्पांना पत्ता नव्हता.

"आप्पा! हात!"

ते दचकून वळले. पायाखाली मळी सांडली होती. पाय सरकला आणि ते पाठीवर, थेट काहिलीकडे कलंडले. कुणाला हाक मारायलाही वेळ नव्हता. रिबका मध्ये घुसली. दोन्ही तळहात तिने काठावर रोवले आणि आपल्या खांद्याची मेढ करून त्या माणसाचा सगळा भार अंगावर घेतला. गडी धावले. त्यांनी आप्पांना ओढून काढलं, मग तिला. तिच्या हातांची कातडी काठाला राहिली.

ती ओरडली नाही. ओरडला तो एक गडी. "आरं, आप्पांचा हात बगा! तळवा जळला आन् ह्यांना कळलं बी न्हाई!"

सगळे दोन पावलं मागे सरले. कुणीतरी त्या रोगाचं नाव हळूच उच्चारलं. दत्ताजीरावांचा चेहरा उतरला. आप्पा मातीत बसून राहिले, दोन्ही हात उताणे मांडीवर घेऊन, गावापुढे उघडे पडलेले. तीस वर्षं ज्यांच्यापुढे सगळ्यांची मान वाकली, त्यांच्या आसपास आता कुणीही नव्हतं.

"वरीसभर झालं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "बोटं मरत चालल्यात माझी, ह्या आठवड्यात पार मेली. जाळ तिचा बरोबर हुता. मी खोटं बोललो."

तेव्हा हनोखमहाराज करंजाखालून उठले. त्या मोकळ्या पडलेल्या जागेतून चालत आले आणि आप्पांच्या जवळ मांडी घालून बसले. त्यांनी आप्पांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वर्षभरात त्या हाताला कुणी शिवलं नव्हतं, कारण आप्पांनी कुणाला शिवू दिलं नव्हतं.

"रिबका, इकडे ये, पोरी."

ती आली. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. महाराज म्हणाले, "हात दाखव." तिने हात पुढे केले. बघवत नव्हते ते तळहात! महाराजांनी डोळे मिटले. "प्रभू येशू," ते म्हणाले, "तू जखमा घेऊन आलास, दाराला कडी असताना आलास. इथे एक दार बंद आहे. ये." आणि त्यांनी आप्पांची तीन बोटं धरून त्या भाजलेल्या तळहातांवर अलगद टेकवली.

काहिलीतला पाक तेवढा बोलत होता. डब... डब...

"ऊन लागतंय," आप्पा म्हणाले.

कुणी हललं नाही.

"वल्लं लागतंय. म्हाराज... कातडी लागतीय. पोरी, तुझं हात थरथरत्यात. मला कळतंय! थरथरत्यात!" आणि तो कठोर माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "माझ्यापायी भाजलंस गं. माझ्यापायी!"

रिबकाने चमकून आपल्या हातांकडे पाहिलं. फोड होते, जखमा होत्या, पण हातांतली ती कळ, ती जीवघेणी आग, कुणी फुंकर घालून विझवावी तशी विझली होती. तिच्या तोंडून शब्द निघाला तो मात्र भलताच. "आप्पा, रडताय काय! आदण करपतंय!"

आप्पा ताडकन उठले. गार पाण्यात बोटं बुडवली, उकळत्या पाकात घातली आणि किंचाळले, "आई गं! भाजलं!" आणि मग हात नाचवत, डोळ्यांतून पाणी गाळत, गोल फिरून सगळ्यांना दाखवू लागले, "भाजलं! आरं, मला भाजलं!" भाजल्याचा असा आनंद त्या गुऱ्हाळाने कधी पाहिला नव्हता. त्यांनी गोळी वळली. एकदाच वळली. "झाला! उतरवा!"

बाराजणांनी दांड्यांवर काहील उचलली. गूळ निववायच्या वाफ्यात ओतला, तो केशरासारखा पिवळा. ढेपेवर नख टेकवावं, तर उमटू नये असा.

आप्पा धावत आले आणि महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराजांनी त्यांना दंडाला धरून अडवलं. "माझ्या नाही, आप्पा. मी कोण? मी दोन माणसांचे हात एकमेकांजवळ आणले, इतकंच."

"मग मी कुनापुढं वाकू?"

"ज्याच्या जखमेला आज तुमचं बोट लागलं, त्याच्यापुढे."

आप्पांनी रिबकाकडे पाहिलं. मग तिच्या पलीकडे, कुठेतरी लांब पाहिलं. तिथेच मातीत, मळीत, चिपाडांच्या कचऱ्यात त्यांनी गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "येशू... देवा." आणि थोड्या वेळाने, फक्त जवळ होते त्यांना ऐकू जाईल असं, "मार्थाला तापात तूच हात लावलास न्हवं? तवा मला कळलं न्हाई. माझं हातच मेलं हुतं."

दत्ताजीरावांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. रिबका अवघडून म्हणाली, "उठा आप्पा, लोक बगत्यात." तेवढ्यात झोळीत शलोमी रडायला लागली, आणि रिबकाला हातांनी तिला उचलता येईना, म्हणून तिला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं ते महाराजांनी.

तो रोग होता, की तीस वर्षांच्या आचेने मेलेली कातडी होती, हे कुणी सांगावं? आप्पांच्या बोटांना त्या दिवशी जाग आली, ती शेवटपर्यंत टिकली. रिबकाचे तळवेही भरून आले, खुणा तेवढ्या राहिल्या.

पण हात भरून यायला तीन आठवडे लागणार होते, आणि तोवर तिच्याने चिपाड उचलवणार नव्हतं. मंगळवारी दत्ताजीराव काळजी करत गुऱ्हाळावर आले, की आज जाळाला कुणाला लावावं. बघतात तर चुलवाण पेटलेलं! खड्ड्यात यिर्मयाआप्पा उतरले होते. धोतराचा काचा मारलेला, डाव्या हाताला फडकं बांधलेलं, आणि एका हाताने चिपाडं सारत होते. रिबका काठावर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांना सांगत होती, "आप्पा, एवढी मोठी कवळ न्हाई. धूर व्हतोय. आनखी वाका, आनखी."

"ही जागा तिची हाय, मालक," आप्पा खालून म्हणाले. "तिचं हात बरं हुईस्तवर मी राखतो. गोळी बगाय तेवढा वर येतो."

वरच्या एका गड्याला राहवलं नाही. "आप्पा, तीस वरसं वर हुतासा, आन् आता खड्ड्यात! गुळव्याला ह्ये शोभतंय व्हय?"

आप्पांनी राखेने माखलेलं तोंड वर केलं. हसले. "लेका, देव खाली उतरला," ते म्हणाले, "मी तर गुळव्या हाय." आणि ते पुन्हा चुलवाणाच्या तोंडाशी वाकले.